टवका उडालेल्या ग्लासाचे चित्र



धम्मदीक्षा घेतली की घरातला पहिला बदल भिंतीवर दिसतो. देव्हारा उतरतो, कॅलेंडरावरचे देव उतरतात, आणि त्यांच्या जागी तथागत व बाबासाहेब येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांचा हा सरळ अर्थ आहे आणि त्याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु भिंत मोठी असते. दोन प्रतिमा लावून झाल्यावरही ती बरीच उरते. त्या उरलेल्या भिंतीवर काय लावावे, काही लावावेच का, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडतो आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात तो उभा राहिला त्या घरात दोन दिवस अबोला होता, आणि त्या अबोल्यातली दोन्ही माणसे मला आपापल्या जागी खरी वाटली.

आमच्या शाळेत नववीत शिकणारी एक मुलगी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसली आहे. या परीक्षेला स्थिरचित्र असते, म्हणजे समोर ठेवलेल्या वस्तू पाहून काढायच्या. तिने सरावासाठी घरातलाच एक ग्लास काढला. टपरीवर चहाला असतो तसा, अंगावर उभे पैलू असलेला, अर्धा पाण्याने भरलेला, लाकडी स्टुलावर ठेवलेला. काठाला डाव्या बाजूला टवका उडालेला आहे, तोही तिने काढला. चित्र शिक्षकांना आवडले. वडिलांनी ते घरी भिंतीला लावायला घेतले, तेव्हा तिची आजी म्हणाली, “फुटकंच काढायचं व्हतं व्हय गं पोरी? फुटक्या कपात च्या पिऊन आमची उमर गेली, आन् आता त्येच भिताडाला टांगता?”

आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. तरुणांसाठी सांगतो. गावच्या हॉटेलात आपल्या माणसांसाठी कप वेगळा असे. तो बहुधा कान तुटलेला किंवा टवका उडालेला असे, बाहेर कोनाड्यात किंवा कुडाच्या बेचक्यात ठेवलेला असे, आणि चहा पिऊन झाल्यावर आपणच तो विसळून परत जागेवर ठेवायचा असे. तामिळनाडूत या चालीला ‘दोन पेल्यांची पद्धत’ असेच नाव पडले. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक हॉटेलातली भांडी नाकारणे हा गुन्हा ठरला, आणि १९७६ मध्ये तोच कायदा सुधारून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. कायद्याने भांडे हातात दिले. पण आजीच्या ओठाला त्या काठाची जी धार लागली होती ती कायद्याने जात नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे. जी वस्तू आपल्या अपमानाची साक्षीदार होती, ती सुंदर म्हणून पाहावी का? आणि आपल्या घरातल्या मुलीने ती प्रेमाने, बारकाईने काढावी का?

उत्तर देण्यापूर्वी ते चित्र नीट पाहू या, कारण बहुतेकांनी ते न पाहताच मत दिले आहे. मी चित्रकलेचा शिक्षक नाही. परंतु हे चित्र मी बराच वेळ पाहिले आणि चित्रकलेच्या सरांना पुष्कळ प्रश्न विचारले.

पहिली गोष्ट, काच काढता येत नाही. लाकूड काढता येते, मडके काढता येते, कारण त्यांना स्वतःचा रंग आणि अंग आहे. काचेला काय आहे? तिच्यातून पलीकडचे दिसते, आणि तिच्यावर अलीकडचे उमटते. त्या मुलीने कागदावर काच म्हणून काहीच काढलेले नाही. तिने काढली आहे स्टुलाची मागची कड, जी ग्लासापाशी येऊन तुटते आणि पाण्यात थोडी सरकून, वाकून पुन्हा सुरू होते. तिने काढली आहे खिडकी, जी ग्लासाच्या खांद्यावर नखाएवढ्या पांढऱ्या चौकोनात मावली आहे. जाड तळाशी एक गडद पट्टा आहे आणि त्याच्या खाली एक बारीक उजळ रेघ. इतके केले आणि काच आपोआप दिसू लागली. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो आणि घाबरतो. हे असल्यामुळे ते असते, हे नसले तर ते नसते, एवढेच त्यात सांगितले आहे. ग्लासाच्या या चित्रात खिडकी, स्टूल, पाणी आणि उजेड काढून घ्या, ग्लास उरणार नाही. भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देऊन हेच समजावले होते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे? त्यांच्या जागी मी असतो तर ग्लास घेतला असता, पण त्यांच्यासमोर राजा होता आणि तो रथातून आला होता.

दुसरी गोष्ट उजेडाची. चित्रात ज्या जागा सर्वांत जास्त चमकतात, तिथे पेन्सिल लागलेलीच नाही. तो कोरा कागद आहे. आजूबाजूला करडी छटा इतकी हलकी भरली आहे की मधला कोरा कागद प्रकाश होऊन बसला. हात आवरला म्हणून उजेड दिसतो. ग्लासाची सावलीही पाहा. आपण समजतो सावली म्हणजे काळी. पण पाण्याने भरलेल्या ग्लासाच्या सावलीत मधोमध उजेडाचा एक पट्टा पडतो, कारण पाणी भिंगासारखे किरण गोळा करते. तो पट्टा तिने पाहिला आहे आणि सावलीच्या पोटात तेवढी जागा मोकळी सोडली आहे. हे तिला कुणी सांगितले नव्हते, असे सर म्हणाले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. ग्लासाचे तोंड गोल असते हे आपल्याला माहीत आहे. तळही गोल असतो. पण आपण बाजूने पाहतो तेव्हा तोंड लांबट, चपटे दिसते. पाण्याची पातळी त्याहून थोडी गोलसर दिसते, आणि तळ आणखी गोलसर, कारण तो डोळ्यांच्या जास्त खाली असतो. आता घरातल्या कुणालाही ग्लास काढायला सांगा. तोंड तो गोल काढील आणि तळाला सरळ आडवी रेघ मारील. का? कारण ग्लास सपाट जागेवर उभा राहतो हे त्याला माहीत आहे. त्याने ग्लास पाहिलाच नाही. माहीत असलेले त्याने कागदावर उतरवले.

बंधूंनो, जात म्हणजे याहून वेगळे काय आहे? बाबासाहेब लहानपणी साताऱ्याच्या शाळेत होते. नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहान. बसायला घरून आणलेले गोणपाट, ते संध्याकाळी परत घरी न्यायचे. ज्या मास्तरांनी, ज्या शिपायाने हे केले त्यांना डोळे नव्हते असे नाही. समोर एक तहानलेले मूल उभे होते. ते त्यांना दिसले नाही, कारण काय दिसायला हवे ते त्यांना आधीच माहीत होते. त्यांनीही तळाला सरळ रेघ मारली. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर जे विटाळ विटाळ म्हणून धावत आले, त्यांनी पाण्याकडे एकदा तरी पाहिले होते का? पाणी जसे होते तसेच होते.

म्हणून मी म्हणतो की समोर आहे ते पाहणे, आणि माहीत करून दिलेले बाजूला ठेवणे, ही आपल्या मुलांसाठी करमणूक नाही. धम्माचे वर्णन करताना ‘एहिपस्सिक’ असा शब्द येतो, या आणि पाहा. बाहियाला तथागतांनी उपदेश केला तो असा की पाहिलेल्यात पाहिलेले तेवढेच असू दे. बाहिया ते लगेच समजला. आपल्याला सराव लागतो, आणि सरावाला एक चार आण्यांची पेन्सिल आणि घरातला ग्लास पुरतो. (आता चार आणे चलनात नाहीत, पेन्सिल पाच रुपयांना मिळते. बोलण्याची सवय जात नाही.)

कुणी म्हणेल, पण रूपाची आसक्ती वाईट ना? नृत्य, गीत, वाद्य पाहू नये असे शील आहे ना? होय, ते श्रामणेरांच्या दहा शीलांत आहे आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्याला आहे. गृहस्थाच्या पंचशीलात ते नाही. आणि भिक्खूंचे म्हणाल तर अजिंठ्याला जाऊन या. इसवी सनापूर्वीपासून पाचव्या शतकापर्यंत ती लेणी कोरली गेली, रंगवली गेली, आणि त्यांत राहणारे भिक्खूच होते. त्या भिंतींवर पद्मपाणी आहे, राजवाडे आहेत, तसेच पाने, फळे, हत्ती आणि साधी भांडीही आहेत. चित्र पाहून धम्म बुडतो असे त्यांना वाटले नसावे.

आसक्तीची कसोटी मला सोपी वाटते. चित्र पाहून झाल्यावर तुम्हाला काय हवेसे वाटते? कॅलेंडरावर बंगला, बाग, मोटार असे चित्र असते. ते पाहिले की बंगला हवासा वाटतो आणि आपले पत्र्याचे घर नकोसे वाटते. या ग्लासाचे चित्र पाहून ग्लास हवा, असे कुणाला वाटेल? टवका उडालेला ग्लास आहे, रद्दीवालाही घेणार नाही. तरी पाहताना मन भरते. ज्या आनंदात हाव नाही त्या आनंदाला आपण तृष्णा कसे म्हणणार?

पूजेचाही संशय काहींना आहे. एक उपासक मला म्हणाले, गुरुजी, देव उतरवले आणि ग्लास चढवला असे नको. त्यांची भीती मला समजते, पण त्यांनी दोन क्रिया एक केल्या आहेत. पूजेत माणूस हात जोडतो आणि डोळे मिटतो. चित्रापुढे डोळे मिटले तर चित्र उरतच नाही. शिवाय पूजेत दोष काढता येत नाही, इथे काढलाच पाहिजे. मी काढतो. स्टुलाचा उजवा पाय वाकडा आला आहे. ग्लासाच्या उजव्या अंगाला छटा बोटाने घासली आहे, त्यामुळे तिथे पैलू मळकट झाले आहेत आणि काचेऐवजी जस्त वाटते. हे मी मुलीलाही सांगितले. आपल्या पोरांनी काही केले की आपण एकतर दुर्लक्ष करतो किंवा शाल-नारळ देतो. चूक दाखवून पुन्हा काढायला लावणे हा खरा मान आहे.

वडिलांचे म्हणणे वेगळे होते. एवढा हात चांगला आहे तर बाबासाहेबांचे चित्र काढ, ग्लास काय काढतेस? पुढे इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात हे कळल्यावर त्यांचा विरोध निम्मा झाला. गुणांसाठी ग्लास चालतो, ग्लासासाठी ग्लास चालत नाही! मी त्यांना एवढेच म्हणालो की दादा, बाबासाहेबांचे चित्र तिने जरूर काढावे, पण आत्ता काढले तर ती फोटोवरून चौकोन आखून उतरवील. आपल्या वस्तीत तशी चित्रे पुष्कळ आहेत, चष्मा आहे, निळा कोट आहे, आणि चेहरा कुणाचाही आहे. ज्याला ग्लासावरचा उजेड दिसत नाही त्याला त्या कपाळावरचा कसा दिसेल?

आणि भाकरीचे काय? हा आक्षेप सर्वांत जुना आहे. आजही आपली माणसे गटारात उतरून मरतात, गावात वरात अडवली जाते, आणि हे गुरुजी ग्लासाच्या छटा मोजतात. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात ‘सत्यं, शिवं, सुंदरम्’ ही कसोटी नाकारली, कारण वेदनेच्या लेखनाला आनंदाच्या मापाने मोजणे हा अन्याय आहे. मला ते पटते. सुंदर या शब्दाने आपल्याला पुष्कळदा बाहेर ठेवले आहे. परंतु शब्द वाईट हातात होता म्हणून तो टाकून द्यायचा, तर पाणीही टाकून द्यावे लागेल. बाबासाहेबांच्या समाजाला भाकरी मिळत नव्हती त्याच काळात त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले आणि त्यात ग्रंथांसाठी जागा केली. तेव्हाही कुणी म्हणाले असेलच की आधी भाकरी. आधी भाकरी हे खरेच आहे. पण ‘तुम्हाला फक्त भाकरी’ असे म्हणणारे आपले हितचिंतक नसतात.

आता आजीकडे येतो, कारण खरा प्रश्न तिचाच आहे. बाकीचे आक्षेप आपण पुस्तके वाचून घेतले आहेत, तिचा तिने भोगून घेतला आहे.

थायलंडमध्ये अजान छा नावाचे थोर भिक्खू होऊन गेले (१९१८–१९९२). ते ग्लास दाखवून सांगत की हा मला आवडतो, याच्यात पाणी राहते, ऊन पडले की तो चमकतो, टिचकी मारली की गोड वाजतो; पण माझ्या दृष्टीने तो आधीच फुटलेला आहे, म्हणून तो आहे तोवर मोलाचा आहे. अनिच्चतेचा याहून सोपा पाठ मला माहीत नाही. तरीही हा पाठ मी आजीला सांगायला जाणार नाही. तिच्या हातातला कप काळाने फोडलेला नव्हता. चांगले कप आत फळीवर मांडून ठेवलेले होते आणि फुटका निवडून तिला दिला होता. जन्म, जरा, मरण यांचे दुःख आणि माणसाने माणसावर लादलेले दुःख यांत बाबासाहेबांनी आपल्याला फरक करायला शिकवले. दुसऱ्या दुःखाला अनिच्चतेचा उपदेश करून गप्प बसवणे हे धम्माच्या नावाने केलेले जुनेच काम होईल.

तर मग चित्र उतरवावे? माझे मत, उतरवू नये. त्या घरातला टवका नातवाच्या हातून नळावर आपटून उडाला. ग्लास त्यांचा, दुकानातून पैसे देऊन घेतलेला, आत मांडणीवर ठेवलेला. पाहुण्याला आणि घरच्याला त्याच मांडणीवरचे ग्लास जातात. मुलीने अपमानाचा कप काढलेला नाही, कारण तो तिच्या ओठांना कधी लागला नाही. आजीने ज्यासाठी पोराला शाळेत घातले ते हेच ना, की नातीच्या डोळ्यांना फुटका ग्लास हा नुसता फुटका ग्लास दिसावा? काचेला जात नव्हती. दोष कोनाड्यात ठेवणाऱ्या हाताचा होता. काच निर्दोष सुटली म्हणून तो हात सुटत नाही.

परंतु नातीलाही काही देणे आहे. टवका तिने फार सुंदर काढला आहे. तिथे काठाची रेघ तुटते, आत एक तीक्ष्ण गडद कोपरा येतो आणि लगेच शेजारी सर्वांत उजळ ठिपका. मी तिला म्हणालो की असाच टवका असलेला दुसरा एक कप होता, तो आजीला विचार. कसा होता, कुठे ठेवलेला असे, कोण विसळत असे. आजी सांगेल किंवा सांगणार नाही. सांगितले तर नात तो काढील किंवा काढणार नाही. दोघींपैकी कुणावरही जबरदस्ती नको. आजीला न विचारता चित्र तिच्या अंथरुणासमोर टांगणे हीसुद्धा एक जबरदस्तीच झाली असती, म्हणून सध्या ते दारालगतच्या भिंतीवर लावले आहे. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या ओळीत ते नाही. त्याला हार नाही, उदबत्ती नाही. तिथे दिवसा बाहेरचा उजेड पडतो, चित्र पाहायला तो बरा.

आपल्या घरात असे चित्र नसेल तर रविवारी सकाळी एक साधा ग्लास अर्धा भरून उंबऱ्याजवळ ठेवा आणि पोराच्या हातात एच.बी. पेन्सिल द्या. खोडरबर देऊ नका. तो तळाला सरळ रेघ मारील. रागावू नका. ग्लास उचलून त्याच्या डोळ्यांच्या अगदी समोर धरा, म्हणजे तोंडाचा काठ एका आडव्या रेघेसारखा दिसेल. मग तो सावकाश खाली न्या. जसजसा खाली जाईल तसतसे ग्लासाचे तोंड उघडत जाईल. किती उघडले ते त्यालाच विचारा, तुम्ही सांगू नका.